पहिल्या बाजूचा शेवट

सुई शेवटच्या रेघेत जाऊन गोल गोल फिरत राहिली, आणि बुवा आलेच नाहीत.

“संपली वाटतं ही बाजू,” रेवती म्हणाली. रेवती माझी सून. रेकॉर्ड लावायचं यंत्र तिच्या हौसेचं.

“संपली नाही. थांब जरा.”

“आई, सुई शेवटाला आलीय.”

“मला सांगतेस? या रेकॉर्डवर झांज मी वाजवलीय.”

मी बोटावर बुक्का घेऊन बसले होते, तशीच बसून राहिले. कर्ण्यातून नुसती खर्र खर्र. रेवतीनं हळूच सुई उचलली, पुन्हा थोडी मागं ठेवली. शेवटचं गाणं परत वाजलं, माझी झांज वाजली, गाणाऱ्या दिगूनं गिटारीवरचा शेवटचा हात ओढला, आणि तो सूर विरायच्या आत कुणी चाकूनं कापावं तसा तुटला.

बोटावरचा बुक्का मी पदराला पुसला. पांढऱ्या पदराला.

जुनी रेकॉर्ड कपाटात होती. तिच्यावर इतके चरे की गाण्यापेक्षा पाऊसच जास्त ऐकू यायचा, म्हणून तर नव्याची एवढी वाट पाहिली होती. ती लावली. शेवटचं गाणं संपलं. आधी देवळातला खोकला. मग पावलं, सावकाश येणारी. माझी झांज दचकून फरशीला लागली, तिचा बारीक आवाज. हाराची सळसळ. आणि मग, चऱ्यांच्या आडून, बुवा:

“बुवा, पाणी घ्या थोडं. आवाज छान लागलाय. पुढं घाई नको.”

मग गिटारीची एकच तार, तीन-चार वेळा. मग पावलं परत जाताना.

बस, एवढंच. मिनिटभराचंही नसेल. “हे नव्यात नाहीये,” रेवती म्हणाली. मी देवघराचं दार लोटून घेतलं, कारण पुढं जे बोलायचं होतं ते देवासमोर बोलण्यासारखं नव्हतं. आणि फोन लावला.

निहार हा रेकॉर्ड नव्यानं काढणारा पुण्याचा मुलगा. तिशीतला, गोड बोलणारा. दोन महिन्यांपूर्वी कुरुंदवाडला येऊन माझ्याकडच्या आंबोळ्या खाऊन, देवळाचे फोटो काढून गेला होता.

“आजी, पोचली का? कशी झालीय?”

“बुवा कुठं आहेत?”

“कोण?”

“पहिल्या बाजूच्या शेवटी. बुवा कुठं आहेत?”

“अच्छा, ती शेवटची रिकामी जागा. ती काढली, आजी. त्यात गाणं नव्हतं ना काही. खोकला, पावलं, कुणीतरी पाणी घ्या म्हणतंय. मूळ टेप मिळाली आपल्याला, एकदम स्वच्छ करून घेतलीय.”

“स्वच्छ केलीस?”

“म्हणजे, नको ते आवाज...”

“अरे, देऊळ झाडता झाडता देव उचलून टाकलास तू.”

तो म्हणाला, “आजी, रागावलात तुम्ही.”

“अजून नाही.”

“आजी, खरं सांगू का? मला ते ठेवायचं होतं. दिगंबरसरांनीच काढायला सांगितलं. त्यांच्याशी बोलाल का?”

दिगंबरसर म्हणजे आमचा दिगू. तेव्हा मात्र रागावले.

दिगूचा फोन वाजत राहायचा, उचलायचं कुणी नाही. तीन दिवसांनी पुण्यात रेकॉर्डच्या प्रकाशनाचा कार्यक्रम होता, दिगू अख्खी रेकॉर्ड पुन्हा गाणार होता, आणि मला पहिल्या रांगेचं निमंत्रण होतं. जाणार नव्हते, गुडघ्यांमुळं. आता रेवतीला म्हटलं, गाडी काढ.

इथं मला बुवांचं सांगायला हवं, नाहीतर एवढा कसला राग ते कळायचं नाही.

जुगुळकरबुवा आमच्या रामाच्या देवळात कीर्तन करायचे. दिगू त्यांचा एकुलता एक मुलगा. मी शेजारची, लहानपणीच वडील गेलेली. बुवांनी झांज हातात दिली आणि सांगितलं, “कुमुद, शब्दाच्या मागं राहायचं. पुढं गेलीस तर लोक तुला बघतील.” माझं सगळं शिक्षण ते एवढंच, आणि आजवर पुरलंय. आनंद काय असतो ते मला त्यांच्या मागं उभं राहून कळलं. आख्यान रंगलं की त्यांच्या उपरण्याचं टोक माझ्या हाताला लागायचं, आणि वाटायचं, आता यापुढं काही नको.

त्यांचा हट्ट एकच. कीर्तनाचं ध्वनिमुद्रण करू द्यायचे नाहीत. रेडिओवाले आले, चहा पिऊन परत गेले. “कीर्तन त्या दिवसाचं, समोरच्या माणसांचं. शिळं करून ठेवायचं नाही,” म्हणायचे. त्यामुळं बुवांचा आवाज जगात कुठंही नाही. त्या एका मिनिटाखेरीज.

दिगू त्यांच्या हाताखाली तयार झाला, आणि कोल्हापुरात कॉलेजला गेला तिथं कुणाची तरी गिटार त्याच्या गळ्यात पडली. परत आला तो स्वतःची गाणी घेऊन. चाली आमच्याच, ओव्यांच्या, भारुडांच्या, पण हाताखाली गिटार आणि शब्द आजचे: नदीचे, नोकरीचे, भांडणाचे. बुवा काही बोलले नाहीत. न बोलणं हेच त्यांचं बोलणं होतं. एका घरात दोघं राहायचे आणि निरोप माझ्याकरवी जायचे. “त्याला सांग, अंघोळीचं पाणी तापलंय.” “आप्पांना सांग, मी बाहेर जेवणार.”

मग शहात्तर साली मुंबईची एक छोटी कंपनी दिगूची पहिली रेकॉर्ड काढायला तयार झाली. दिगू म्हणाला, स्टुडिओत नको, मी माझ्या देवळात उभा राहून गाईन, समोर माणसं बसवून. रेकॉर्डचं नावच ‘उभ्या उभ्या’. आणि मांडणी कीर्तनाची: पहिली बाजू पूर्वरंग, दुसरी उत्तररंग. देवळाचे पंच बुवांकडं गेले, काय करायचं? बुवा म्हणाले, “द्या देऊळ.” एवढंच.

त्या संध्याकाळी बुवा मागं खांबाला टेकून बसले होते. पहिली बाजू संपली. टेप फिरतीच होती. आणि बुवा उठले.

कीर्तनात मध्यंतर होतं तेव्हा कीर्तनकाराला हार घालतात, बुक्का लावतात आणि त्याच्या पाया पडतात. तो नारदाच्या जागी उभा असतो, त्याचं वय बघायचं नसतं. आजोबासुद्धा नातवापुढं वाकतो, त्याला बुवा म्हणतो. मग कीर्तनकारानं बुक्क्याचं बोट वाकलेल्याच्या कपाळाला लावायचं आणि त्याला उराशी धरायचं. आमच्याकडं ही रीत अशी.

तर वर्षभर मुलाशी न बोललेले बुवा सगळ्या गावासमोर चालत आले. गिटार गळ्यात असलेल्या मुलाला हार घातला, त्याला बुवा म्हणाले, आणि त्याच्या पायांवर वाकले. ते येताना दिसले तेव्हाच माझ्या हातून झांज निसटली होती. दिगूनं मान खाली घातली आणि तो तार लावत राहिला. बुवा थोडा वेळ उभे राहिले. मग परत जाऊन खांबाला टेकले.

त्याला भरून आलं, वर बघवेना, म्हणून तो तारेशी चाळा करत राहिला, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी तो कंपनीच्या माणसांबरोबर मुंबईला गेला, आणि त्याच पावसाळ्यात बुवा गेले. दोघांची पुन्हा भेट नाही. पण ते मिनिट होतं ना. झालं ना सगळं त्यात, असं मी स्वतःला सांगत आले. रेकॉर्ड लावायची, त्या जागी दिगूच्या वतीनं मीच बुक्का लावून घ्यायचा, आणि बाजू पालटायची.

आणि तेच यानं काढायला लावलं.

पुण्याच्या त्या सभागृहात रंगमंचामागं एक खोली होती. दिगू आरशासमोर बसला होता. केस सगळे पांढरे, जाकीट मात्र तरुण पोराचं. निहार कोपऱ्यात नव्या रेकॉर्डींचे खोके उघडत होता.

“कुमे,” दिगू उठत म्हणाला. “आलीस तू. गुडघे काय म्हणतायत?”

“गुडघ्यांचं राहू दे. फोन का घेत नाहीस?”

“गाण्याच्या आधी घेत नाही मी फोन.”

“तीन दिवस आधी?”

तो हसला. त्याचं हे हसणं मला लहानपणापासून ठाऊक आहे. दूध सांडल्यावर असंच हसायचा.

“बुवांना का काढलंस?”

“निहार,” तो म्हणाला, “आजींना चहा सांग.”

“निहार इथंच बसेल. त्यालाही ऐकू दे. का काढलंस?”

“गाण्याचा भाग नव्हता तो.”

“छत्तीस वर्षं होता.”

“कंपनीवाल्यानं मला न विचारता ठेवला होता. तेव्हा माझं कोण ऐकत होतं? आता ऐकतात.”

“म्हणजे तुझं ऐकायला लागले म्हणून आधी बापाचा आवाज पुसलास.”

निहारच्या हातातला खोका खाली ठेवल्याचा आवाज झाला. दिगू पुन्हा खुर्चीत बसला. माझ्याकडं न बघता, आरशातल्या माझ्याकडं बघत म्हणाला, “तुला काय ऐकू येतं गं त्यात?”

“बुवा वाकले ते ऐकू येतं. तुला भरून आलं ते ऐकू येतं.”

“भरून?”

“तार लावत बसलास तो.”

“कुमे, मला भरूनबिरून काही आलं नव्हतं. मला राग आला होता. वर्षभर एक शब्द नाही, आणि सगळं गाव बसवून, टेप चालू असताना येऊन पाया पडायचं. मला वाटलं, हे वाकूनसुद्धा जिंकतायत. मी म्हटलं, राहा उभे. आणि मुद्दाम मान वर केली नाही.”

“तार उतरली होती म्हणून...”

“ती तार लागलेलीच होती.”

मी आरशातल्या त्याच्याकडं बघितलं.

“नीट ऐक घरी जाऊन. खुंटी हलवलेलीच नाही. तीन-चार वेळा वाजवलीय, आणि प्रत्येक वेळी तोच सूर आहे. लागलेली तार लावत बसलो होतो मी. ते बुक्क्यासाठी कपाळ पुढं करून उभे होते.”

माझ्या डोक्यात ते मिनिट आपोआप वाजलं. मला रेकॉर्ड लावायची गरज नव्हती. खोकला, पावलं, झांज, हार, बुवा. आणि मग तार. आणि खरंच, एकच सूर, स्वच्छ, कणभरही उतरलेला नाही. सुरात जन्म गेला माझा. हजारदा ऐकलं असेल, आणि मी तिथं दरवेळी बुक्का लावत होते.

“लोकांना नाही कळत ते,” दिगू म्हणाला. “तुलाही नाही कळलं. पण मला दरवेळी ऐकू येतं. एकदा तरी ही रेकॉर्ड त्याच्याशिवाय असावी असं वाटलं.”

त्याच्या आवाजात काहीतरी होतं ज्यानं कुणाचंही मन विरघळलं असतं. माझं विरघळलं नाही. उलट इतका वेळ लाल असलेला राग आता भट्टीतल्या लोखंडासारखा पांढरा झाला.

“तुला ऐकवत नाही म्हणून मी माझे बुवा सोडायचे?”

“तुझे?”

“माझे. आणि निहारचे, आणि जो कोण पेटी उघडून ही तबकडी लावेल त्याचे. दिगू, त्या जागेवर उभा होतास ना तू? मग तुझ्या पाया कोण पडलं होतं? ते नारदाच्या जागेला वाकले. तुला बुवा म्हणाले ते त्या जागेला म्हणाले. त्यात तुझं होतं काय, काढून टाकायला? तुझी होती ती फक्त तार. ती ठेवायचीस. ऐकू दे लोकांना, कसा होतास तू.”

“आजी,” निहार हळू म्हणाला, “आता काही करता येणार नाही. साचे झाले, प्रती निघाल्या.”

“तुला नाही विचारलं, बाळ.”

बाहेरून कुणीतरी दारावर टकटक केलं. वेळ झाली होती. दिगू उठला, गिटार घेतली आणि माझ्या शेजारून गेला. दारात थांबून म्हणाला, “तू पहिल्या रांगेत बसू नकोस. मला गाता यायचं नाही.”

मी पहिल्या रांगेतच बसले. मधोमध.

मंचावर त्याच्यासाठी उंच खुर्ची ठेवली होती. ती त्यानं पायानं मागं सारली आणि उभा राहिला. सत्तर-पंचाहत्तर माणसांच्या त्या सभागृहात बहुतेक पोरं निहारच्या वयाची. त्यांना सगळी गाणी पाठ. नदीचं गाणं सुरू झालं तशी सगळी मागं म्हणायला लागली, आणि माझ्या मनाविरुद्ध माझी बोटं मांडीवर झांजेचा ठेका धरायला लागली. मी ती मुठीत आवळली. फार छान गात होता. त्याचा मला जास्तच राग येत होता. वाईट गायला असता तर उठून गेले असते.

पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं संपलं. टाळ्या झाल्या. तो पाण्याच्या बाटलीकडं वळला.

मी उठले. रेवतीनं पदर धरला. “आई, कुठं?” मी पदर सोडवून घेतला. बाजूच्या चार पायऱ्या होत्या, कठड्याला धरून चढले. टाळ्या विरत गेल्या. निहार आवाजाच्या यंत्रांमागून अर्धा उभा राहिलेला दिसला.

पर्समध्ये बुक्क्याची डबी नेहमीच असते माझ्या. हार नव्हता. मी दिगूसमोर गेले. त्याच्या डोळ्यांत भीती होती, खरीखुरी, जशी पोराच्या डोळ्यांत असते. मी डबी उघडून त्याच्या कपाळाला बुक्का लावला. मग मोडकळीला आलेले गुडघे वाकवले आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. लोक म्हणतात, माया होती म्हणून. माया नव्हती. मी रागानं वाकले. आयुष्यात कुणापुढं इतक्या रागानं वाकले नव्हते.

उभी राहिले आणि त्याच्या माइकमध्ये जाईल इतक्या जोरात म्हटलं, “बुवा, पाणी घ्या थोडं. आवाज छान लागलाय. पुढं घाई नको.”

आणि कपाळ पुढं करून उभी राहिले.

दिगूचा हात गिटारीवर होता. मला दिसलं, तो हात वर गेला, खुंट्यांकडं. बोटं खुंटीला लागली. मी बघत होते. हलवणार नाहीस तू, असं मी मनात म्हणत होते, आणि हलवलीस तर इथंच तुझं तोंड शेवटचं बघितलं.

बोटं थांबली. मग खाली आली. उघड्या डबीत त्यानं बोट बुडवलं. तारांनी घट्टे पडलेलं ते बोट माझ्या कपाळाला लागलं, बुक्का नाकावर सांडला. गिटार दोघांच्या मध्ये होती, म्हणून त्यानं ती एका हातानं पाठीमागं ढकलली, आणि रीत होती तसं मला उराशी धरलं. गिटार पाठीमागच्या खुर्चीवर आपटून मोठा आवाज झाला.

“आप्पा,” तो माझ्या खांद्यावर म्हणाला. दुसरं काही नाही.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, हे कार्यक्रमातलंच. मला त्या टाळ्यांचाही राग आला. मी खाली येऊन जागेवर बसले. रेवती रडत होती, तिलाही म्हटलं, “नाक पूस.”

नव्या रेकॉर्डवर ते मिनिट नाही. आजही नाही, आणि मी ती आजही लावत नाही. दिगूनं नंतर दोनदा फोन केला, मी तब्येतीचं विचारलं, बाकी काही बोलले नाही. मला राग धरता येतो, बुवांनी तेवढं मोडून काढलं नाही माझ्यातलं.

पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. उत्तररंगाचं पहिलं गाणं त्यानं सुरू केलं आणि पहिल्याच हाताला मला कळलं. खुर्चीवर आपटली तेव्हा एक तार उतरली होती. चांगलीच उतरली होती. प्रत्येक ओळीच्या शेवटी ती बाकीच्या तारांपासून वेगळी, बेसूर वाजत होती. पुढच्या पोरांनाही कळलं, ती एकमेकांकडं बघायला लागली. निहार यंत्रामागून हातानं खुणा करत होता, सर, तार, तार.

दिगूला तर सगळ्यांच्या आधी कळलं असणार. तो पुढची सगळी गाणी उभ्या उभ्या गायला, कपाळावर बुक्का घेऊन, त्या उतरलेल्या तारेसकट. शेवटपर्यंत त्यानं खुंटीला हात लावला नाही.